१७६६३१९०४९ : ताळा कसा घ्यायचा, अवयव कसे पाडायचे

सर, तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत. चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीला मुलांची सहल न्यायची आहे, त्याआधी शाळेत भास्कराचार्यांवर फलक लावायचा आहे आणि त्यावर १७६६३१९०४९ ही संख्या घ्यायची आहे. तुम्ही विचारता की ही मूळ संख्या आहे का, तिचे आणखी कोणते गुणधर्म लिहावेत आणि एक्सेलमध्ये हिच्या वर्गातून ६१ × २२६१५३९८०² वजा केल्यावर १ यायच्या जागी ० का येतो. शेवटी भीतभीत लिहिलंय, ‘आचार्यांचं उत्तर चुकलं की काय?’

उत्तर चुकलेलं नाही, एक्सेल कमी पडतं. आणि ही मूळ संख्या नाही: १७६६३१९०४९ = ११ × ५९ × १५२३ × १७८७. पण नुसतं एवढं फलकावर लिहून मुलांच्या हाती काही लागणार नाही. हे कागदावर कसं काढायचं तेच मुद्द्याचं आहे, आणि ते आठवी-नववीच्या गुणाकार-भागाकारात बसतं. सिद्धता कुठवर द्यायची हे मात्र तुमच्या वर्गावर आहे. वर्गशेषांचा (वर्गांना मूळ संख्येने भागल्यावर उरणाऱ्या बाक्यांचा) एक नियम मी खाली वापरलाय, तो शाळेत सिद्ध करता येणार नाही, नुसता वापरता येईल.

आधी संदर्भ पक्का करू. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त वर्गप्रकृतीची उदाहरणं आहेत: अशी पूर्ण संख्या शोधा की तिच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला की पुन्हा पूर्ण वर्ग यावा. शोधायच्या त्या संख्येला कनिष्ठ म्हणतात, येणाऱ्या वर्गाच्या मुळाला ज्येष्ठ, आणि मिळवायच्या आकड्याला क्षेप. क्षेप १ असताना ६१ साठी सगळ्यात लहान कनिष्ठ २२६१५३९८० आणि ज्येष्ठ १७६६३१९०४९. म्हणजे बावीस कोटी एकसष्ट लाख त्रेपन्न हजार नऊशे ऐंशी, आणि एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. आपल्याकडची पोरं ‘इतला मोठा आकडा!’ म्हणून थांबतात, आणि त्यांचं थांबणं रास्त आहे. कारण शेजारच्या ६० ला ३१ आणि ४ पुरतात (९६१ − ९६० = १), ६२ ला ६३ आणि ८ पुरतात (३९६९ − ३९६८ = १). मधल्या ६१ ला दहा अंक लागतात. फलकावर ह्या तीन ओळी एकाखाली एक लिहा. माझ्या मते ह्या संख्येचा सगळ्यात बोलका गुणधर्म हाच आहे, आणि त्याला कसलंही स्पष्टीकरण लागत नाही.

आता एक्सेल. त्यात संख्येचे जास्तीत जास्त १५ सार्थ अंक टिकतात. ज्येष्ठाचा वर्ग आहे ३११९८८२९८२८६०२६४४०१, म्हणजे १९ अंकी. एक्सेल तो ३११९८८२९८२८६०२६०००० असा दाखवतं. आत साठवताना एवढ्या मोठ्या संख्यांमध्ये दोन लागोपाठच्या साठवता येणाऱ्या किमतींत ५१२ चं अंतर असतं. त्यामुळे दोन्ही बाजू एकाच किमतीला चिकटतात आणि वजाबाकी ० येते. सावद्याला केळीचा भरलेला ट्रक वजनकाट्यावर चढवून त्यातलं एक केळं कुणी खाल्लं का हे शोधण्यातलाच हा प्रकार. यातला मोठा धोका वेगळाच आहे: क्षेप १ असो, −१ असो की ४, एवढ्या मोठ्या आकड्यांवर एक्सेल ० च दाखवेल. म्हणजे चुकीचं उत्तरही तिथे ‘जवळजवळ बरोबर’ दिसतं. मोबाइलवर ३.११९८८२९८३ई१८ असं काही आलं तर तेही तसंच, पुढचे अंक गेलेले. पायथनमध्ये पूर्णांकांना अशी मर्यादा नाही, तिथे थेट १ मिळेल. सी किंवा जावा शिकणारी मुलं असतील तर त्यांना सांगा की ज्येष्ठ साध्या ३२ बिटांच्या पूर्णांकात बसतो (मर्यादा २१४७४८३६४७), त्याचा वर्ग बसत नाही, पण ६४ बिटांत बसतो.

संगणक नसेल तरी अडत नाही. इथे दहा अंकी संख्येचा वर्ग करूच नका. तिच्या मागची आणि पुढची संख्या घ्या.

१७६६३१९०४८ = २ × २९७१८²
१७६६३१९०५० = १२२ × ३८०५²

पहिलं तपासायला २९७१८ म्हणजे ३०००० − २८२ धरा: ९०००००००० − १६९२०००० + ७९५२४ = ८८३१५९५२४, त्याची दुप्पट १७६६३१९०४८. दुसऱ्यासाठी ३८०५² = १४४७८०२५, गुणिले १२२, आले १७६६३१९०५०. आता ज्येष्ठाच्या वर्गातून १ वजा करणं म्हणजे ह्या दोन शेजाऱ्यांचा गुणाकार करणं, हे मुलांना नित्यसमानतेतून माहीत आहे. तो गुणाकार होतो २४४ × (२९७१८ × ३८०५)², म्हणजे ६१ × (२ × २९७१८ × ३८०५)². कंसातला आकडा काढा: २९७१८ × ७६१० = २२६१५३९८०. कनिष्ठ हजर! १९ अंकी एकही संख्या न लिहिता पडताळा पुरा झाला, आणि हा पडताळा अचूक आहे, अंदाजाचा नाही.

घाईत फक्त ‘आकडे नीट उतरलेत ना’ एवढंच बघायचं असेल तर ताळा घ्या. पण नऊच्या ताळ्यावर विसंबू नका. ज्येष्ठाच्या अंकांची बेरीज ४६, बाकी १. कनिष्ठाची ३६, बाकी ०. दोन्ही बाजूंना १, ताळा जमला. मात्र रंगाऱ्याने शेवटी ०४९ च्या जागी ४०९ रंगवलं तरी बेरीज ४६ च राहते. अंकांची अदलाबदल नऊच्या ताळ्याला दिसत नाही आणि फलकावर नेमकी तीच चूक होते. अकराचा ताळा शेजारच्या दोन वेगळ्या अंकांची अदलाबदल हटकून पकडतो: उजवीकडून ९ − ४ + ० − ९ + १ − ३ + ६ − ६ + ७ − १ = ०. चुकीच्या संख्येला तिथे ८ येतात.

७, ११ आणि १३ एकदम तपासायचे तर उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून आलटून पालटून वजा-अधिक करतात, कारण ७ × ११ × १३ = १००१. इथे मुलं एक ठरलेली चूक करतात. आपल्या पद्धतीने संख्या १,७६,६३,१९,०४९ अशी लिहिलेली असते आणि ती स्वल्पविरामांनाच गट समजतात. आधी स्वल्पविराम पुसायला लावा. गट पडतात १, ७६६, ३१९, ०४९. मग ०४९ − ३१९ + ७६६ − १ = ४९५. ह्याला ११ ने भाग जातो, ७ ने भागल्यास ५ उरतात, १३ ने भागल्यास १. कनिष्ठाचे ९८० − १५३ + २२६ = १०५३, त्यातून १००१ गेले, ५२ उरले. आता ४९५² = २४५०२५, त्याला १००१ ने भागून बाकी ७८१. दुसरीकडे ६१ × ५२² = १६४९४४, बाकी ७८०, अधिक १, म्हणजे ७८१. जुळलं.

तर ११ ने भाग जातो हे ताळ्यातच कळलं, म्हणजे मूळ संख्या असण्याचा प्रश्न तिथेच संपला. पुढे पूर्ण अवयव पाडायचे. आंधळेपणाने गेलात तर वर्गमूळ सुमारे ४२०२७, आणि त्याखाली चार हजारांहून जास्त मूळ संख्या आहेत. इतका भागाकार कोण करणार? इथे पुन्हा संख्येची घडण कामी येते. ती २ × २९७१८² + १ ह्या रूपाची आहे. वर्गशेषांचा नियम सांगतो की वर्गाच्या दुपटीत १ मिळवून येणाऱ्या संख्येला फक्त अशाच मूळ संख्यांनी भाग जातो ज्यांना ८ ने भागल्यावर १ किंवा ३ उरतात. म्हणजे ५, ७, १३, २३, २९, ३१, ३७ ह्यांच्याकडे बघायचंच नाही. ६० च्या आत उरतात ३, ११, १७, १९, ४१, ४३, ५९. त्यातला ३ ही बाद, कारण २९७१८ ला ३ ने भाग जातो, मग आपल्या संख्येत १ उरणारच.

११ ने भागा: १६०५७४४५९. ह्याला पुन्हा ११ जात नाही. १७ ने बाकी ७, १९ ने ६, ४१ ने ९, ४३ ने ३२. ५९ ने नि:शेष: २७२१६०१.

आता पद्धत बदला. २७२१६०१ चं वर्गमूळ १६४९ आणि १६५० च्या मध्ये आहे. त्यापुढच्या संख्यांचे वर्ग घेऊन त्यातून २७२१६०१ वजा करत जा आणि उरलेला आकडा पूर्ण वर्ग आहे का तेवढं बघा. १६५० ला उरतात ८९९. इथे पोरं घाईने ३० चा वर्ग म्हणून मोकळी होतात, पण तो ९००, एकाने हुकलं. पुढे दर वेळी नवा वर्ग करायची गरज नाही, ३३०१, ३३०३, ३३०५ असं मिळवत गेलं की झालं: ४२००, ७५०३, १०८०८, १४११५, १७४२४. आणि १७४२४ = १३२². सहाव्या वर्गाला काम झालं. १६५५ मधून १३२ वजा केले तर १५२३, मिळवले तर १७८७.

हे दोन मूळच आहेत हे तपासायला वरचीच चाळणी लावा, कारण ह्यांचे अवयव म्हणजे मोठ्या संख्येचेच अवयव. १५२३ चं वर्गमूळ ३९ च्या जरा पुढे, म्हणून ११, १७, १९ एवढेच तपासायचे. बाक्या ५, १०, ३. १७८७ साठी त्यात ४१ ची भर. बाक्या ५, २, १, २४. दोन्ही मूळ.

वर्गांच्या फरकाची ही युक्ती सतराव्या शतकातल्या फ्रेंच गणितज्ञ फर्माची. हेच ६१ चं उदाहरण त्याने १६५७ मध्ये फ्रान्समध्ये आव्हान म्हणून पुढे ठेवलं होतं, ‘बीजगणिता’नंतर पाच शतकांनी. तिचा गैरवापर टाळा मात्र. दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तरच ती चटकन लागू पडते. पहिल्यापासून अख्ख्या १७६६३१९०४९ वर लावलीत तर ४२०२८ पासून ५४७५७ पर्यंत चालावं लागेल, साडेबारा हजारांहून जास्त वर्ग! आधी लहान अवयव भागून काढायचे, मग ही युक्ती. क्रम उलटा केला की वही भरते आणि उत्तर येत नाही.

ही संख्या मुळात आली कुठून, ते मोठ्या मुलांना दाखवाच. चक्रवाल म्हणजे एका जोडीवरून पुढची जोडी काढत क्षेप १ पर्यंत पोचायची पद्धत. तिची सुरुवात ८ पासून, कारण ८² − ६१ × १² = ३. आता असा गुणक हवा की त्यात ८ मिळवून ३ ने भाग जावा आणि त्याचा वर्ग ६१ च्या जवळ राहावा. १, ४, ७, १० ह्यांत ७ सरस. नवा कनिष्ठ (८ + ७) ÷ ३ = ५, नवा ज्येष्ठ (८ × ७ + ६१) ÷ ३ = ३९, नवा क्षेप (४९ − ६१) ÷ ३ = −४. ताळा: १५२१ − १५२५ = −४. क्षेप −४ आला की चक्र पुढे फिरवायचं कारण नाही. ब्रह्मगुप्ताची भावना, म्हणजे दोन जोड्यांवरून नवी जोडी काढायची रीत, इथून थेट उत्तराकडे नेते. दोन्ही निम्मे करा, ३९/२ आणि ५/२, क्षेप −१. भावनेचा नियम असा: ज्येष्ठांच्या गुणाकारात कनिष्ठांच्या गुणाकाराची ६१ पट मिळवली की नवा ज्येष्ठ, तिरक्या गुणाकारांची बेरीज केली की नवा कनिष्ठ, आणि क्षेपांचा गुणाकार हा नवा क्षेप. ह्या जोडीची स्वतःशीच भावना केली तर १५२३/२ आणि १९५/२, क्षेप १. त्याची पहिल्या जोडीशी केली तर अपूर्णांक जाऊन २९७१८ आणि ३८०५, क्षेप −१. हिची स्वतःशी केली की आपलं उत्तर.

मध्येच १५२३ दिसला ना? तो ३९² + २ आहे. भावनेच्या पायऱ्यांचं गणित एकत्र उलगडलं तर शेवटचा ज्येष्ठ = १५२३ × (१५२३² − ३) ÷ २ असं निघतं. म्हणजे जो अवयव शोधायला वर सहा वर्ग घ्यावे लागले तो दुसऱ्या पायरीवरच हातात होता. उरलेला ११५९७६३ म्हणजे ११ × ५९ × १७८७.

बाकी गुणधर्म भराभर सांगतो. चारही अवयव एकेकदाच येतात, म्हणून विभाजक १६. कनिष्ठ मात्र २² × ३² × ५ × १३ × १२७ × ७६१ असा फुटतो आणि त्याला १४४ विभाजक आहेत. दोघांत १ शिवाय सामाईक विभाजक नाही, असूच शकत नाही, कारण तो क्षेपालाही भागेल आणि क्षेप १ आहे. ज्येष्ठाला ४ ने भागल्यावर १ उरतो, म्हणून ‘दोन वर्गांची बेरीज असेल’ असं कुणी लिहून आणेल. ते चूक आहे: चारही अवयवांना ४ ने भागल्यावर ३ उरतात आणि प्रत्येक एकेकदाच आहे, त्यामुळे दोन वर्गांत तो मांडता येत नाही. ज्येष्ठ भागिले कनिष्ठ केलं तर ६१ चं वर्गमूळ १७ दशांश स्थळांपर्यंत बरोबर मिळतं: ७.८१०२४९६७५९०६६५४३९. फलकावर हे जरूर घ्या, लोकांना भागाकार कळतो. अंकांची बेरीज ४६, उलट वाचली तर अमुक, असल्या गोष्टी टाळा. त्या दशमान लेखनाच्या गमती आहेत, संख्येच्या स्वभावाशी त्यांचा संबंध नाही.

मजकुराबद्दल एक सूचना. ‘हे उत्तर पाटणला (पाटणादेवीच्या परिसरात) काढलं’ असं लिहू नका. पाटणच्या शिलालेखातून कळतं ते एवढं की आचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापला. हा काळ तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा, आणि ग्रंथ ११५० च्या सुमाराचे. आचार्यांनी स्वतः सांगितलेलं विज्जडविड हे गाव नेमकं कुठलं यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. चक्रवाल पद्धतही सर्वस्वी त्यांची एकट्याची नाही. जयदेव नावाच्या गणितज्ञाच्या नावे ती त्यांच्या आधी नोंदलेली आहे, आणि भावना ब्रह्मगुप्ताची, ६२८ सालची. आपल्या खानदेशाच्या वाट्याला मठ आणि शिलालेख आहेत, तेवढं लिहिलं तरी पुष्कळ आहे.

सहलीहून आल्यावर गृहपाठ द्यायचा असेल तर ‘बीजगणिता’त ६१ च्या जोडीनेच आलेलं ६७ द्या. उत्तर ज्येष्ठ ४८८४२, कनिष्ठ ५९६७. तिथे −४ येत नाही, चक्र थोडं जास्त फिरवावं लागतं, पण आकडे आवाक्यात राहतात. दहावीच्या हुशार मुलांना १०९ द्या आणि सुरुवात हातात ठेवा: ज्येष्ठ २६१, कनिष्ठ २५, क्षेप −४. पुढच्या पायऱ्या वरच्यासारख्याच, फक्त ६१ च्या जागी १०९. शेवटी ज्येष्ठ १५८०७०६७१९८६२४९ यायला हवा आणि त्याला २६१² + २, म्हणजे ६८१२३ ने नि:शेष भाग जायला हवा. नाही गेला तर चूक बहुधा तिसऱ्या पायरीत ४ ने भागताना झालेली असते.